आता त्याची पाळी

तुझ्या सासूचा फोन आला होता. पोरगा पावणेदोन वर्षांचा झाला, सगळं समजतं, पण तोंडातून पाच-सहा शब्दांच्या वर काही निघत नाही, असं म्हणाली. घरात काय काय सुरू झालं असेल, ते मला इथे चामोर्शीत बसून दिसतं. कुणी वेखंडाचा तुकडा आणून दिला असेल, कुणी पोपटाने टोचलेला पेरू शोधत असेल, अन् बुढा म्हणत असेल, "त्याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता?" तुझी माय तिकडे सिरोंच्याला अन् तू मार्कंड्याला या सगळ्यांच्या मधात. म्हणून लिहिते. माझी उमर अंगणवाडीत गेली. आजेसासूकडून, गावच्या सुइणीकडून अन् पुढे प्रशिक्षणांत जे कानावर पडलं, त्यातलं जे लेकरांजवळ बसून खरं वाटलं तेवढंच सांगते.

आधी वेखंडाचं मिटवू. उगाळून जिभेला लावायची रीत जुनी आहे. जास्त झालं तर पोराला ओकारी होते, बोलणं काही येत नाही. काही जणी ते मधातून चाटवतात. वर्षाच्या आतल्या लेकराला मध अजिबात द्यायचा नसतो. त्यात कधी कधी असे जंतू असतात की तान्ह्याचं अंग लुळं पडतं. तुझा मोठा झाला, पण जावेचं तान्हं आहे घरात, म्हणून बोलले. पाखराने उष्टावलेलं फळ तर नकोच. अन् "जीभ चिकटली आहे, जरा मोकळी करून देतो" म्हणत कुणी ब्लेड घेऊन आला तर त्याला छपरीतूनच वाटेला लाव. जिभेखालचा पडदा आखूड असला तर दूध ओढायला जड जातं, एखादा उच्चार अडतो. पण शब्दच फुटत नाहीत, असं त्याने होत नाही. पडदा पाहायचा तर डॉक्टरने पाहावा.

आता सासूचं "सगळं समजतं" हे तपासून घे, कारण माझ्या मते शब्द मोजण्याआधी हे पाहायचं असतं. बोट न दाखवता, नजरेनेही न सांगता म्हण, "आबाची चप्पल आण." चप्पल दारात, तू चुलीजवळ, अन् हात पदराखाली. आपण बायका सांगताना हात इतका हलवतो की लेकरू शब्दावर चाललं की हातावर, ते आपल्यालाच कळत नाही. तो चप्पल घेऊन आला तर अर्धी चिंता तिथेच सोड. मग त्याचं बोट पाहा. बोट दोन प्रकारचं असतं. "मला ते दे" म्हणून शिंक्याकडे दाखवतो ते एक. अन् आभाळात विमान गेलं, काही मागायचं नाही, नुसतं "ते पाहा" म्हणून दाखवतो अन् वळून तुझ्या तोंडाकडे पाहतो ते दुसरं. हे दुसरं बोट मोलाचं. तुझ्याशी काही वाटून घ्यायचं त्याच्या मनात आहे, हे त्यातून कळतं. ज्याला सांगायचं असतं, त्याला पुढे शब्द बहुधा सापडतात.

लेकरू बोलायच्या फार आधीपासून ऐकून ठेवत असतं. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी १९८४ मध्ये एक काम छापलं. आपल्या 'त' अन् 'ट' मधला फरक इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना नीट धरता येत नाही. पण त्यांच्याच घरची सहा-आठ महिन्यांची बाळं तो बरोबर ओळखत होती. वर्षाची होत आली तेव्हा त्यांचीही ओळख गेली, कारण घरात तसा फरक कुणी करतच नव्हतं. म्हणजे आपण "ताट वाढ" म्हणतो तेव्हा मांडीवरचं सहा महिन्यांचं पिल्लू त्या एका शब्दातली दोन्ही अक्षरं वेगवेगळी ऐकून असतं. तान्ह्याशी काय बोलायचं, त्याला काय कळतं, असं म्हणणाऱ्या तुझ्या चुलतसासूला हे सांग.

माझा मंत्र एकच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. बोल, अन् मग थांब.

सकाळी कोंबड्या सोडतेस तेव्हा करून पाहा. तू खुराड्याचं दार काढलं. त्याच्या समोर खाली बस, तुझं तोंड त्याला दिसेल असं. म्हण, "कोंबडी." अन् गप. मनात सात-आठ आकडे मोज. हे गप बसणं फार जड जातं, मला माहीत आहे, सडा राहिला असतो, चहा उतू जात असतो. कोंबडी टुणकन कुंपणावर चढते. तो तिच्याकडे पाहतो, मग तुझ्याकडे पाहतो, ओठ हलतात अन् येतं, "को." ही त्याची पाळी. आता तुझी. "हो, कोंबडी! कोंबडी चढली." पुन्हा गप. तो हात वर करतो, "ली." झालं, दोन माणसांचं बोलणं झालं. शब्द नाही आला, नुसता हुंकार आला, हसला, हात आपटला, तरी ती पाळी धर अन् उत्तर दे. फक्त त्याची जागा भरून टाकू नको.

आपल्या घरांत नेमकं तेच होतं. पाहुणा विचारतो, "नाव काय रे तुझं?" अन् आजी, काकू, मोठी बहीण तिघी एकदम नाव सांगतात. पोरगा मधात उभा. पाणी पाहिजे म्हणून मडक्याकडे पाहिलं की गडवा हातात. भरल्या घरात लाडाच्या लेकराला तोंड उघडायची गरजच पडत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांना एकदा बसवून सांग, सासऱ्यासकट: तो पाहील, तेव्हा जरा थांबायचं. रडवायचं नाही, छळायचं नाही. "पाणी?" म्हणायचं, थांबायचं, त्याने "पा" म्हटलं काय किंवा नुसती मान हलवली काय, लगेच द्यायचं. "नीट म्हण, तेव्हाच देईन" हे मला अजिबात पटत नाही. तहानलेल्या लेकराला शिकवणी लावू नये.

दुसरी खोड म्हणजे परीक्षा. "हे काय? ते काय? म्हण आई, म्हण मामा, पाहुण्यांना म्हणून दाखव." दर घडीला झाकण उघडून पाहिलं तर भात शिजत नाही. तो ज्याकडे पाहतो त्याचं नाव तू घे, त्याला विचारू नको. तुला गाय दाखवायची आहे अन् तो मुंग्यांची रांग पाहतो, तर गाय राहू दे, मुंग्यांवर बोल. "मुंगी. मुंगी चालली. तांदूळ घेऊन चालली."

वाक्य लहान ठेव. त्याने एक शब्द टाकला की तू त्यात एक घाल. तो म्हणाला "बैल", तू म्हण "बैल आला." तो म्हणाला "बाबा", तू म्हण "बाबा गेला." आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं अन् शेवटचं लेकराच्या कानात राहतं. म्हणून ये, जा, दे, घे, बस, पड, सांड, टाक हे कामाचे शब्द खूप वापर. नुसती नावं शिकवली तर दोन शब्दांचं वाक्य जुळवायला त्याच्याजवळ काही उरत नाही. मोहफुलं वेचायला नेशील तेव्हा त्याच्या हातात एक फूल दे अन् टोपली पुढे कर, "टाक." मग एक तू टाक. दहा फुलांत तो स्वतःच "ताक" म्हणेल.

अन् "ताक नाही रे, टाक" असं म्हणून तोंडावर दुरुस्ती नको. तू फक्त नीट म्हण, "हो, टाकलं." र, ळ, ण, श, जोडाक्षरं ही उशिरा येणारी आहेत. तीन वर्षांचा होऊनही रामाला लामा म्हणाला, शाळेला साला म्हणाला तर हसून दाखवायचं नाही अन् घाबरायचंही नाही. भूभू, मंमं, हम्मा या शब्दांनाही काही लोक नावं ठेवतात. मला तर ते हलके, दुहेरी शब्द लेकराच्या तोंडाच्या मापाचे वाटतात. तो भूभू म्हणेल, तू म्हण "हो, भूभू. कुत्रा आला." दोन्ही राहू दे. अन् दिवसभर तुम्हा बायकांतच राहून तो "मी जाते" म्हणायला लागला तर सासरा डोक्याला हात लावेल. त्याला सांग, पुरुषांनी पोराशी जरा बोलायला पाहिजे, मग "जातो" येईल.

गाणी-गोष्टी तुला शिकवायला नकोत. तळहातावर बोट फिरवत कोपरापर्यंत जाऊन गुदगुल्या करायचा खेळ आहे, तो तुझ्या मायने तेलुगूत केला असेल, मी मराठीत करते. एवढंच कर, की गुदगुलीच्या आधी हात हवेत थांबव. तो वाट पाहतो, श्वास धरतो, मग "अं!" करून मागतो. त्या "अं"साठीच तो खेळ आहे. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा पुन्हा पुन्हा दार वाजवतो अन् चिमणी पुन्हा पुन्हा थांबायला सांगते. तीच गोष्ट, त्याच चालीत, रोज. एक दिवस चिमणीच्या पाळीला तू गप राहा, तो चिमणी होईल. नवी गोष्ट आणायची घाई मोठ्यांना असते, लेकरांना नाही.

देवळात नेतेस का त्याला? मार्कंड्याच्या देवळांच्या भिंती पाहायला लोक कुठून कुठून येतात, विदर्भाचं खजुराहो म्हणतात. तुझ्यासाठी तर ते घरामागचं चित्रांचं पुस्तक आहे. कडेवर घे, त्याचे डोळे मूर्तींच्या रांगेला येतील असा. तो कुठे थांबतो ते पाहा अन् त्यावर बोल: हत्ती, नाचणारी बाई, तुटलेला हात. खाली घाटावर वैनगंगा आहे, रेती आहे, डोंगा आहे. पण महाशिवरात्रीच्या जत्रेत शिकवायला जाऊ नको, त्या कल्लोळात त्याला तुझा आवाज वेगळा काढता येणार नाही. जत्रेतून पिपाणी आण, वाजवू दे, मजा आहे. मात्र फुंकल्याने, फुगे फुगवल्याने बोलणं लवकर येतं असं कुणी सांगितलं तर खरं धरू नको. बोलणं बोलूनच येतं.

तान्हा पोळा मला सगळ्यांत आवडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी ओढत दारोदार जायचं अन् बोजारा मागायचा. दार तेच, बोलणं तेच, फक्त घर नवं. दहा दारांवर एकच वाक्य ऐकलं, अन् दर वेळी हातात काही पडलं, तर कोणतं पोट्टं तोंड उघडणार नाही? औंदा त्याला मोठ्या पोरांच्या मागे पाठव. तू थोडी दूर राहा.

मोबाईलचं काय सांगू, तू रागावशील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, एक वर्षाच्या लेकराला पडदा नकोच, अन् दोन ते चार वर्षांच्याला दिवसाला तासाभराच्या वर नको, कमी तितकं बरं. कारण साधं आहे. मोबाईलमधली बाई गाते छान, पण ती याच्यासाठी थांबत नाही. हा "को" म्हणाला तरी ती पुढेच. रोवणीच्या दिवसांत तू बांधीत असतेस अन् आजीच्या गुडघ्यांनी तिला त्याच्यामागे धावता येत नाही, म्हणून मोबाईल हातात जातो, हे मला कळतं. तिला दोष देऊ नको. तिला तांदूळ निवडायला बसव अन् त्याला शेजारी सुपात मूठभर धान दे, खडा सापडला की "खडा!" म्हणायचा खेळ लाव. त्याचा बाप तेलंगणात मिरची तोडायला गेला की व्हिडिओ कॉल मात्र जरूर कर. तिथे बाप याची वाट पाहतो, हा उत्तर देतो, ते बोलणंच आहे. अन् घरात दिवसभर कुणी न पाहता चालू असलेला टीव्ही बंद. त्याच्या गोंगाटात तुझे शब्द बुडतात.

तेलुगूचं. तुला कुणी म्हटलं म्हणे, "दोन-दोन भाषांनी पोरगा गोंधळला, तू त्याच्याशी तेलुगू बंद कर." बंद करू नको. दोन भाषांनी लेकरू मुकं होत नाही अन् बोलण्याचा दोषही येत नाही. या भागात तर ही नवलाई नाही. सिरोंच्याला तेलुगू-मराठी, भामरागडला माडिया, कोरचीकडे छत्तीसगडी, आपल्या चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली घरं, अन् गोंडी तर सगळीकडे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली, ती उगाच नाही. तू ज्या भाषेत न अडखळता रागावतेस, हसतेस, लाड करतेस, त्याच भाषेत त्याच्याशी बोल. तुटक्या मराठीतल्या चार वाक्यांपेक्षा भरल्या तेलुगूतली चाळीस बरी. फक्त त्याचे शब्द मोजताना दोन्हीकडचे मोज. तो आजीला "पाणी" मागतो अन् तुला "नीळ्ळु" मागतो, तर ते दोन शब्द आहेत. मला वाटतं, सासूने तेलुगू शब्द मोजलेच नसतील.

इथवर थांबायचं सांगितलं. आता जिथे थांबायचं नाही ते.

"बाप उशिरा बोलला, हाही बोलेल" हे अर्धं खरं आहे. उशिरा बोलणारी बरीच लेकरं आपोआप गाडी पकडतात. पण कोणतं पकडेल अन् कोणतं मागे राहील, ते बाहेरून पाहून मलाही सांगता येत नाही. म्हणून ढोबळ खुणा लक्षात ठेव. वर्षाचं होईपर्यंत बाबा-दादा असा बडबडीचा आवाज नाही, बोट नाही, टाटा नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, तर दाखवायचं. दोन वर्षांच्या लेकराजवळ साधारण पन्नासेक शब्द असतात, तीन वर्षांच्याचं बरंचसं बोलणं परक्यालाही कळतं. नावाने हाक मारली की वळत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, तेही दाखवायचं. अन् येत असलेले शब्द गेले, तर वय कोणतंही असो, वाट पाहायची नाही.

तुझ्या पोराला अजून दोन-तीन महिने पाहू, असं मी दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं. तुला म्हणत नाही, त्याचं कारण वेगळं आहे. तो आठव्या महिन्यात झाला, वजन कमी होतं अन् कावीळ वाढून निळ्या दिव्याखाली ठेवला होता. पूर्वी अशी लेकरं हाती लागतच नव्हती. याच जिल्ह्याच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने घरच्या घरी नवजात बाळं वाचवून दाखवली, ते १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, अन् पुढे देशभरच्या आशा ते शिकल्या. आता लेकरं जगतात. पण लवकर जन्मलेल्या, फार कावीळ झालेल्या लेकराचे कान पुन्हा पाहून घ्यावे लागतात. डोक्यात गेलेला मलेरिया, मेंदूज्वर, सारखा वाहणारा कान, त्यांचंही तसंच. सर्दी होऊन पडद्यामागे पाणी साचलं तरी महिना-महिना कमी ऐकू येतं, अन् लेकराला ते सांगता येत नाही. कानात कोमट तेल घालणं मात्र आजपासून बंद.

घरी ताट वाजवून पाहतात अन् म्हणतात, वळला, ऐकू येतं. मोठा आवाज थोडं ऐकू येणाऱ्यालाही येतो, शिवाय ताटाचा हादरा जमिनीतून जातो. मागून, त्याला दिसणार नाही अशी उभी राहून, हळू आवाजात नाव घे. तरी खरी तपासणी यंत्राचीच. अगदी कमी ऐकू येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने आवाज काढतं, म्हणून घरच्यांना उशिरा उमगतं. अन् कानात खोट निघाली तर जितक्या लहानपणी यंत्र मिळेल, खुणांची भाषा मिळेल, तितकं पोराच्या पदरात जास्त पडतं.

आशाच्या घरभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या अन् पंधराव्या महिन्यात ठरलेल्या असतात. त्या पंधराव्यात संपतात अन् बोलण्याची काळजी नेमकी तिथून सुरू होते, ही मला त्या योजनेतली उणीव वाटते. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं. सेविकेला विचार, कधी येणार. लवकर येणार नसेल तर पथकाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घे अन् जिल्ह्याच्या ठिकाणी जा. तिथे "शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे?" असं विचार, अन् कानाची तपासणी पाहिजे हे स्वतःच्या तोंडाने सांग. "बोलत नाही" एवढंच म्हटलं तर कुणी घाईत "येईल बोलायला" म्हणून परत पाठवेल.

जायच्या आधी आठवडाभर एक वही ठेव. तो जे म्हणतो ते त्याच्याच उच्चारात लिही: "को" म्हणजे कोंबडी, "ताक" म्हणजे टाक. तेलुगूतलेही. कोणता शब्द कुणाला कळतो तेही लिही. माता-बाल कार्ड अन् दवाखान्यातून सुटी झाली तेव्हाचा कागद पिशवीत टाक, काविळीचं त्यात लिहिलेलं असेल. त्याला खाऊ-पिऊ घालून ने. काही तपासण्यांना लेकरू झोपलेलं लागतं, तेव्हा त्याच्या झोपेच्या वेळी तपासणी होईल का, ते आधी विचारून घे. अन् सासूला सोबत ने. दिवसभर पोरगा तिच्याजवळ असतो, विचारलेल्या निम्म्या गोष्टी तिलाच माहीत असतील. तिला फक्त वाटेत सांगून ठेव, की डॉक्टर पोराला काही विचारेल, तेव्हा उत्तर तिने द्यायचं नाही.